वाकस, रंधा आणि जॉर्ज स्टर्ट

हातहत्यारांनी लाकूड घडवण्यातल्या आनंदाविषयी अलीकडे पुष्कळ लिहिले जाते. लिहिणारे बहुधा सुशिक्षित, शहरी आणि अन्य व्यवसायावर पोट भरणारे असतात. सुटीच्या दिवशी रंधा मारताना मनाला लाभणारी स्वस्थता, ताज्या लाकडाचा वास, स्वतःच्या हाताने केलेले ओबडधोबड स्टूल यांचे वर्णन त्यात येते, आणि ते खोटेही नसते. पण ज्याचे पोटच रंध्यावर होते त्याला हा आनंद होत होता का, होत असल्यास तो कसला होता, आणि त्याने तो बोलून का दाखवला नाही, हे प्रश्न या लेखनात सहसा उपस्थित होत नाहीत. साहित्याच्या अभ्यासकाला ते टाळता येत नाहीत. अनुभव एकाचा आणि शब्द दुसऱ्याचे, ही अडचण त्याच्या रोजच्या परिचयाची आहे.

या अडचणीला सर्वांत प्रामाणिकपणे सामोरा गेलेला लेखक म्हणून आम्हांला जॉर्ज स्टर्ट या इंग्रज गृहस्थाचे नाव घ्यावेसे वाटते. ‘द व्हीलराइट्स शॉप’ हे त्याचे पुस्तक १९२३ साली प्रसिद्ध झाले. व्हीलराइट म्हणजे लाकडी चाके आणि गाड्या घडवणारा सुतार. इंग्रजी साहित्याच्या विद्यार्थ्याला स्टर्टचे नाव असलेच माहीत तर ते एफ. आर. लीविसच्या संदर्भात माहीत असते. पुस्तक मात्र फारसे कोणी उघडलेले नसते. मराठीच्या विद्यार्थ्याला तर ते नाव ठाऊक असण्याचेही कारण नाही. तेव्हा आधी थोडी हकिकत.

स्टर्टचा जन्म १८६३ साली इंग्लंडच्या सरे परगण्यातील फार्नम या गावी झाला. गाड्या बांधण्याचा कारखाना आजोबांपासून घरात चालत आलेला. मुलगा मात्र शिकला, गावातल्या शाळेत शिक्षक झाला, आणि त्या काळातल्या अनेक संवेदनशील तरुणांप्रमाणे रस्किनच्या लेखनाने भारावून गेला. इंग्लंडच्या कामगारांना उद्देशून लिहिलेली रस्किनची ‘फॉर्स क्लाव्हिजेरा’ ही पत्रमाला त्याने वाचली होती आणि माणसाने करावे असे काम हाताचेच, अशी त्याची धारणा झाली होती. १८८४ साली वडील वारले आणि एकविसाव्या वर्षी कारखाना त्याच्या अंगावर येऊन पडला. पुस्तकातून आलेला आदर्श आणि वारशाने आलेला धंदा यांची अशी गाठ क्वचित पडते. मालक म्हणून तो गादीवर बसला खरा, पण त्या जागेत सर्वांत कमी ज्ञान असलेला माणूस तोच होता. त्याला काम शिकवले ते त्याच्याच नोकरांनी.

स्टर्टचे सारे लेखन या उलट्या नात्यातून आलेले आहे. ‘जॉर्ज बोर्न’ या नावाने त्याने आधी एका वृद्ध मजुराविषयी दोन पुस्तके लिहिली (१९०१ आणि १९०७). त्या मजुराला त्याने बेटस्वर्थ असे नाव दिले आहे. त्याचे बोलणे स्टर्ट वर्षानुवर्षे टिपून ठेवत होता. ‘चेंज इन द व्हिलेज’ हे गावाच्या बदलाविषयीचे पुस्तक १९१२ चे. कारखान्याविषयीचे पुस्तक सर्वांत उशिरा आले. तोवर १९१६ साली अर्धांगवायूचा झटका येऊन त्याचे शरीर निकामी होत चालले होते. हाताच्या कामाचे इतके तपशीलवार वर्णन करणाऱ्या माणसाचे हात तेव्हा हत्यार धरण्याजोगे उरले नव्हते.

पुस्तक लाकडापासून सुरू होते, आणि बराच काळ लाकडापाशीच राहते. घाईच्या वाचकाला इथे कंटाळा येईल. आमचा आग्रह असा की हीच पाने सावकाश वाचावीत. एका चाकाला तीन जातींचे लाकूड लागे. मधला तुंबा एल्मचा, कारण त्याचे तंतू एकमेकांत इतके गुंतलेले असतात की चहूबाजूंनी भोके पाडून त्यांत आरे ठोकले तरी तो फुटत नाही. आरे ओकचे, तेही करवतीने कापलेले नव्हेत तर फोडलेले. करवत सरळ रेषेत जाते. तंतू वाकला की त्याला छेदून पुढे निघून जाते. फोडलेले लाकूड मात्र तंतूच्या वाटेनेच दुभंगते, म्हणून प्रत्येक आऱ्यात तंतू या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड राहतो. घेराचे वक्र तुकडे बहुधा ॲशचे, कारण हे लाकूड चिवट असते आणि धक्का सोसते. ही सर्व लाकडे वाळवायची, ती इंचाच्या जाडीला एक वर्ष अशा हिशेबाने. तुंब्याचे ओंडके तर कित्येक वर्षे पडून असत. बापाने विकत घेतलेले झाड मुलाच्या हातून चाकात जावे यात नवल नव्हते. आजच्या भाषेत ज्याला गुंतवणूक म्हणतात ती अशी अंगणात पावसाआड रचून ठेवलेली असे.

झाड कापून फळ्या पाडण्याचे काम जोडीने चाले. खड्ड्यावर ओंडका आडवा टाकायचा, एक माणूस वर उभा, दुसरा खाली खड्ड्यात, आणि दोघांच्या मध्ये लांब उभी करवत. वरचा माणूस रेघ पाहून करवत चालवी. खालच्याच्या तोंडावर, डोळ्यांत, मानेत भुसा पडे. त्याला फारसे काही दिसतही नसे, तरी ओढ सरळ ठेवावीच लागे. हे लोक फिरस्ते होते, आणि त्यांचे दारूचे व्यसन प्रसिद्ध होते. एक जण गुत्त्यात जाऊन बसला की दुसऱ्याचाही दिवस बुडे. स्टर्ट हे सांगताना नाक मुरडत नाही आणि त्याला रंगही देत नाही. हातकामाच्या आनंदाची चित्रे काढणारे लोक या खड्ड्यात सहसा डोकावत नाहीत, एवढे आम्ही येथे नोंदवतो. कारखान्याच्या खिडक्यांना काच नव्हती, हेही त्याने लिहून ठेवले आहे. हिवाळ्यात कुऱ्हाड चालवणाऱ्याचे अंग घामेजलेले असे आणि ढलप्यांत बुडालेले पाय मात्र बर्फासारखे गार पडत.

मग आनंद कुठे होता? स्टर्टने त्याची व्याख्या केलेली नाही. पुस्तकभर तो केवळ एक गोष्ट पुनःपुन्हा दाखवत राहतो: हत्यार हातात असलेल्या माणसाला लाकूड उत्तर देते. वाकस तंतूच्या उलट दिशेने गेला की लगेच अडतो. रंध्याखाली गाठ आली की मनगटाला कळते. एकाच झाडाच्या दोन फळ्याही सारख्या वागत नाहीत. कुठला तुकडा कुठे वापरायचा हा निर्णय त्या क्षणी हातातच होतो. यंत्राची करवत गाठीतूनही तशीच जाते आणि निकोप लाकडातूनही तशीच, म्हणून ती चालवणाऱ्याला लाकडाविषयी काही कळण्याची गरजच उरत नाही. या भेदाला पुढे डेव्हिड पाय याने नाव दिले. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये फर्निचर शिकवणारा आणि स्वतः लाकडी पात्रे कोरणारा हा माणूस. १९६८ सालच्या ‘द नेचर अँड आर्ट ऑफ वर्कमनशिप’ या पुस्तकात तो कारागिरीचे दोन प्रकार मानतो. एकीत वस्तू बिघडण्याची जोखीम शेवटच्या क्षणापर्यंत कायम असते आणि निष्पत्ती कारागिराच्या अवधानावर टांगलेली असते. दुसरीत निष्पत्ती काम सुरू होण्याआधीच ठरून गेलेली असते. पायला हाताविषयी भाबडे प्रेम नाही. हाताने केलेले म्हणून ते चांगले, असे तो मुळीच म्हणत नाही. पण जोखमीची त्याची कल्पना स्टर्टच्या कारखान्याला चपखल बसते. पटाशीचा एक घाव चुकला की दहा वर्षे वाळवलेला तुंबा सरपणात जायचा. तिथला आनंद म्हणजे या जोखमीतून सहीसलामत पार पडलेल्या अवधानाचा आनंद. सुटीच्या दिवशी रंधा मारण्यातल्या स्वस्थतेशी त्याचे नाते असलेच तर दूरचे आहे.

या पुस्तकातला आम्हांला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग चाकाच्या बशीविषयीचा आहे. गाडीचे जुने लाकडी चाक सपाट नसते. त्याचे आरे तुंब्यातून किंचित बाहेरच्या बाजूला कललेले असतात, म्हणून चाक पाहताना उथळ बशीसारखे दिसते. असे का? स्टर्टने सारी हयात ही चाके पाहिली, विकली, त्यांच्या दुरुस्तीचे पैसे घेतले, पण कारण त्याला कळेना. कारागीर बशी अचूक साधत होते. ती नसेल तर चाक टिकणार नाही हे त्यांना ठाऊक होते. का टिकणार नाही, हे मात्र शब्दांत कोणी सांगत नव्हते. काही कारणे त्याच्या मनात आली, त्यांनी काही काळ समाधानही झाले. शेवटी पुष्कळ वर्षांनी उलगडा झाला तो घोड्याच्या चालीवरून. घोडा चालताना सरळ ओढत नाही. पावलागणिक तो डावी-उजवीकडे झुलतो, आणि त्या झोक्याबरोबर गाडीचा सगळा बोजा एकदा या चाकावर, एकदा त्या चाकावर आडवा आदळतो. सपाट चाक या आडव्या धक्क्यांनी काही दिवसांतच खिळखिळे होऊन उलटे वळले असते. बाहेर कललेले आरे तो धक्का पेलतात. वरून तापवून चढवलेली लोखंडी धाव थंड होताना आकसते, सर्व सांधे करकचून आवळते आणि बशीला पक्के करते.

म्हणजे घोड्याची चाल, रस्त्याची खाच, ओझ्याचे वजन आणि लाकडाचा तंतू या साऱ्यांचा विचार त्या आकारात साठवलेला होता, आणि तो विचार करणारा एकच माणूस असा कोणी नव्हता. पिढ्यान्‌पिढ्या मोडलेल्या चाकांनी तो केला होता. साहित्यात परंपरा हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो. परंपरा प्रत्यक्षात काय असते हे एखाद्या वर्गाला समजावायचे झाल्यास एलियटच्या निबंधाशेजारी बशीचे हे प्रकरण ठेवून पाहण्यासारखे आहे.

असेच दुसरे उदाहरण गाडीच्या लाकडांच्या तासलेल्या कडांचे. जुन्या इंग्लिश गाड्यांच्या दांड्या जिथेतिथे नाजूक तासलेल्या दिसतात. पाहणाऱ्याला ती नक्षी वाटते. स्टर्ट सांगतो की तिचे मूळ काम वजन घटवण्याचे होते. जिथे जोर येत नाही तिथले लाकूड काढून टाकायचे, म्हणजे घोड्याला तेवढे ओझे कमी. कुसू आणि खाच जिथे भेटतात तिथे लाकूड भरपूर ठेवलेले, मध्ये ते बारीक होत गेलेले. सौंदर्य म्हणून जे डोळ्यांत भरते ते जनावराविषयीच्या काळजीतून आलेले होते. अलंकार आणि अर्थ यांच्या संबंधाविषयी काव्यशास्त्राने केलेली चर्चा येथे आठवणे स्वाभाविक आहे. ती आम्ही वाचकांवर सोपवतो.

आता कथेची कडू बाजू. स्टर्टने जमाखर्च तपासायला घेतला तेव्हा त्याच्या ध्यानात आले की पुष्कळ कामांचे दर खर्चालाही पुरत नव्हते. दर रूढीने ठरलेले होते. एखादी वस्तू करायला प्रत्यक्षात किती लागते याचा हिशेब आसपासचा कोणताही गाडीवाला सुतार ठेवत नव्हता. चांगले काम करायचे आणि चालत आलेला भाव घ्यायचा, एवढेच त्यांना माहीत. दुसरीकडे मोठ्या कारखान्यांतून आलेला स्वस्त माल बाजारात येऊ लागला होता. अखेर साधारण १८८९ च्या सुमारास स्टर्टने गॅसवर चालणारे इंजिन बसवले. त्यावर करवती, चरक, छिद्रे पाडण्याचे यंत्र आणि सहाण चालू लागली. धंदा वाचला. कुऱ्हाड आणि वाकस कोपऱ्यात गेले, करवतीचा खड्डा ओस पडला, जमिनीवर ढलप्या दिसेनाशा झाल्या. रस्किन वाचून हाताच्या कामाची पूजा करणाऱ्या माणसाने हाताचे काम स्वतःच्या हाताने संपवले. या गोष्टीचे समर्थन तो करत नाही. आपल्या कारागिरांना नोकरीत ठेवण्याचा दुसरा मार्ग नव्हता हे तो सांगतो, आणि त्यांच्या कामातला रस आपण काढून घेतला हेही सांगतो. एकाने दुसरे खोडले जात नाही.

स्टर्टचे हे दुहेरी बोलणे पुढच्या वाचकांना पेलले नाही असे आमचे मत आहे. लीविस आणि डेनिस थॉम्पसन यांनी १९३३ साली ‘कल्चर अँड एन्व्हायर्नमेंट’ हे शाळांसाठीचे पुस्तक लिहिले, त्यात स्टर्टच्या लेखनाचा आधार घेऊन हरवलेल्या ‘सजीव समाजा’चे चित्र उभे केले, आणि जाहिरातींच्या व यंत्राच्या युगाला तोलण्यासाठी ते तराजूत टाकले. वर्गात शिकवायला हे चित्र सोयीचे होते. पण त्यात करवतीच्या खड्ड्यातला माणूस दिसत नाही. रेमंड विल्यम्सने ‘कल्चर अँड सोसायटी’ (१९५८) मध्ये आणि पुढे ‘द कंट्री अँड द सिटी’ (१९७३) मध्ये या चित्राची झाडाझडती घेतली. हा सुखाचा काळ नेमका कधी होता असे विचारत मागे जावे तर प्रत्येक पिढीचा लेखक तो आपल्या आधीच्या पिढीत होता असे सांगताना आढळतो, आणि सरकत्या जिन्यासारखा तो मागेमागेच जात राहतो, हे विल्यम्सने दाखवून दिले. हा आक्षेप बिनतोड आहे. तरीही तो समाजाविषयीच्या चित्राला लागू पडतो, चाकाच्या बशीला लागू पडत नाही. तो समाज सुखी होता की नाही याविषयी वाद होईल. तो आरा कोणत्या कोनात बसत होता याविषयी होणार नाही. इंग्लंडच्या कामगारवर्गाचा इतिहास लिहिणारे ई. पी. थॉम्पसन यांना १९९३ च्या आवृत्तीसाठी या पुस्तकाची प्रस्तावना लिहावीशी वाटली, ते काही गतकाळाच्या मोहाने नव्हे.

मराठी वाचकाला हे सारे वाचताना त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ आठवल्यावाचून राहत नाही. तो १९१५ चा, म्हणजे स्टर्टच्या ‘चेंज इन द व्हिलेज’नंतर अवघ्या तीन वर्षांचा. दोघे एकमेकांना ओळखण्याचा प्रश्नच नव्हता. पण एकाच वेळी दोन देशांत दोन माणसे आपापल्या गावाची मोडती घडी निरखत होती. आत्रे सरकारी महसूल खात्यातले. बलुत्यावर चालणाऱ्या व्यवस्थेतली ओढाताण, अपव्यय आणि कुचंबणा त्यांना जवळून दिसली होती, म्हणून त्यांच्या लेखनात हळहळ कमी आणि चिकित्सा अधिक आहे. बलुतेदारांत सुताराचे स्थान पहिल्या ओळीतले. नांगर, पाभर, गाडी यांची दुरुस्ती त्याच्याकडे, आणि मोबदला सुगीच्या धान्यात, रूढीने ठरलेला. येथपर्यंत फार्नमशी साम्य आहे. पुढे ते संपते. फार्नमच्या कारागिराचा मुलगा शिक्षक होऊ शकत होता, स्टर्ट झालाच. आपल्या गावात वाकस जन्माने हातात येत असे आणि ज्यांच्या हाती तो जन्माने येत नसे त्यांना तो धरताही येत नसे. १९७८ साली दया पवारांचे ‘बलुतं’ आले, त्यानंतर गावगाड्याविषयी निव्वळ हळवेपणाने लिहिणे मराठीत अवघड झाले आहे, आणि ते योग्यच झाले. हातकामाच्या आनंदाविषयी मराठीत लिहिणाऱ्याला लीविसची सोय उपलब्ध नाही. हत्यार कोणाच्या हातात होते, हे त्याला आधी सांगावे लागते.

एक गोष्ट मात्र आपल्या बाजूची आहे. फार्नमच्या कारागिरांनी स्वतः काही लिहून ठेवले नाही. त्यांचे शब्द आपल्यापर्यंत आले ते मालकाच्या लेखणीतून. मराठीत गोरा कुंभार, सावता माळी, नरहरी सोनार, सेना न्हावी यांची नावेच धंद्यासकट टिकली आहेत, आणि त्यांच्या नावावरच्या अभंगांत त्यांच्या कामाची भाषा उतरली आहे. ती रूपक म्हणून उतरली आहे, हे खरे. सोन्याच्या घडणीविषयी सांगणे हा त्या अभंगांचा हेतू नाही. तरी रूपक सुचायला हात त्या कामात मुरलेला लागतो. सुताराला तर भाषेने वेगळाच मान दिला आहे. सुतार हा शब्द सूत्रधारापासून आलेला. लाकडावर रेघ पाडण्यासाठी सूत धरणारा तो सूत्रधार. तोच शब्द संस्कृत नाटकाच्या प्रारंभी रंगमंचावर येणाऱ्या सूत्रधाराचा. ऋग्वेदाच्या कवींनीही आपल्या सूक्तरचनेला रथ घडवणाऱ्याच्या कामाची उपमा दिली आहे. नाट्यशास्त्र शिकवताना आपण सूत्रधाराची व्युत्पत्ती सांगतो आणि पुढे जातो. त्या सुताला लागलेला गेरू कोणाच्या लक्षात येत नाही.

हत्यारांच्या नावांचीही अशीच गोष्ट. करवत हा संस्कृत ‘करपत्र’चा वंशज, रंधा फार्सीतून आलेला, शेजारी शेजारी एकाच पेटीत पडून असतात. मोल्सवर्थच्या कोशात (पहिली आवृत्ती १८३१, दुसरी १८५७) सुतारकामाचे शब्द पुष्कळ सापडतात. कोश वाकस म्हणजे काय ते सांगतो. तो पायाच्या दिशेने येताना कुठे थांबवायचा हे सांगत नाही. स्टर्टनेही पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची जोडली आहे. आपल्या कारागिरांच्या तोंडचे शब्द कोणाला कळणार नाहीत याची त्याला १९२३ सालीच खात्री होती.

स्टर्टच्या कारखान्यात इंजिन आले त्याच्या साधारण वर्षभर आधी, १८८८ साली, बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्याने हवा भरलेल्या रबरी धावेचे एकस्व मिळवले होते. आपल्याकडे ऊस वाहणाऱ्या, रबरी चाकांच्या बैलगाडीला शेतकरी अजून डनलॉप म्हणतात. तिचे चाक लोखंडी आणि सपाट आहे.